जुनी व्हॅन घेऊन कॅम्पर करायचाय? सेल्फ मारायच्या आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या लई पडून आहेत. कुणाच्या गोठ्याशेजारी मॅटाडोर, कुणाच्या उसाच्या बांधाला टुरिस्ट परमिटची ट्रॅव्हलर, कुठं शाळेची पोरं ने-आण करून थकलेली ऑम्नी. आणि आता चोर्ला, आंबोली, दांडेली फिरायला आपलीच कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, असावी असं बऱ्याच जणांना वाटतंय, चांगलीच गोष्ट आहे, पण बघायला गेलं की सगळे पहिलं काम एकच करतात, दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून सेल्फ मारतात, धूर सोडत इंजिन चालू झालं की खूश आणि तिथंच टोकन देऊन मोकळे.

माझं म्हणणं एवढंच की इंजिन सगळ्यात शेवटी बघा. इंजिन उतरवून बांधून देणारे उद्यमबागला आहेत, कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आहेत, बुश, शाफ्ट काय लागेल ते लेथवर करून मिळतं. कुजलेला पत्रा आणि अडकलेले पेपर मात्र गाडीला कायमची बसवतात.

पेपर आधी. आपल्याकडं तीन राज्यं हाकेच्या अंतरावर, त्यामुळं एमएच ०९ ची म्हणजे कोल्हापूरची गाडी हुक्केरीत आणि गोव्याची गाडी खानापुरात सहज सापडते, स्वस्तही मिळते. विकणारा सांगतो "पेपर क्लिअर आहेत, फॉर्म २९-३० वर सही करून ठेवलीय" (हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म), पण सही कुणाची? आरसीवर नाव असलेला माणूस हयात आहे का, तो समोर येऊन बोलतोय का, हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका. मधे दोन-तीन हात फिरलेली आणि एकानंही नावावर न केलेली गाडी म्हणजे पुढची सगळी पळापळ तुमची. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ पाहिजे, ती विकणाऱ्याकडूनच काढून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. वर्षाच्या वर गाडी इकडं ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकाचा टॅक्स भरावा लागतो, तो किती बसेल हे आरटीओत विचारून मगच किंमत ठरवा. जुनं लोन असेल तर लोन फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ लागतो. पंधरा वर्षं झालेली खाजगी गाडी असेल तर आरसी रिन्यू झालीय का बघा, ती पाच-पाच वर्षांसाठी होते.

एक मोठा खड्डा लिलावाच्या गाड्यांचा. सरकारी खात्याची जुनी व्हॅन किंवा ॲम्ब्युलन्स स्वस्तात दिसली की हात शिवशिवतात, पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशनच रिन्यू होत नाही, त्या स्क्रॅपलाच जायच्या. ती घरी आणली तर अंगणात उभी करण्यापलीकडं काही करता येणार नाही.

आणि चासी नंबर स्वतः वाकून, घासून बघा. गंजानं आकडे खाल्ले असतील तर ट्रान्सफरला गाडी तिथंच अडते.

आता पत्रा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी साइडचा पाऊस माहीतच आहे, चार पावसाळे उघड्यावर काढलेली गाडी वरून चकाचक पेंट केलेली असली तरी आतून संपलेली असू शकते, आणि किनाऱ्यावरची गाडी असेल तर खारं वारं वेगळंच. पेंटवर जाऊ नका. खिशात लोहचुंबक ठेवा, कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. मग मॅट उचला, हे कुणीच करत नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या चाकांच्या वर, पुढच्या काचेच्या रबराखाली, छताच्या पन्हाळीत आणि कॅरिअरचे बोल्ट बसवलेत तिथं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा. दारं-फ्लोअर पॅच मारून होतं. पण चासीचे उभे बार किंवा पाटे (चाकांवरचे स्प्रिंग) जिथं बसतात तो ब्रॅकेट कुजलाय, तर फुकट देत असले तरी नको म्हणा.

शक्य असेल तर भर पावसात बघायला जा. छत कुठं गळतं ते फोटोत दिसत नाही.

काच, दाराचं रबर, हँडल यांचाही विचार करा. ऑम्नी २०१९ ला बंद झाली तरी तिचे पार्ट गावोगावी मिळतात, मॅटाडोरला मात्र एक पुढची काच शोधायला महिने जातात, त्यामुळं असल्या गाडीत काय काय शाबूत आहे त्यावर किंमत करा.

एवढं सगळं पास झालं तर मग इंजिन, आणि तेही लगेच सेल्फ मारून नाही. वर्षानुवर्षं उभ्या डिझेल गाडीच्या टाकीत पाणी आणि गाळ असतो, तो पंपात गेला की खर्च वाढला. जुनं डिझेल काढा, फिल्टर नवा घाला, ऑइल बदला, हँड पंपानं डिझेलच्या लाइनमधली एअर काढा, मग स्टार्ट करा. स्टार्ट होऊन बंद पडत असेल तर बहुतेक वेळा एअर धरलेली असते. सेल्फ नुसता टकटक करतो तर सेल्फ बदलायच्या आधी अर्थची (बॅटरीतून बॉडीला जाणारी) वायर घासून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि पाणी कमी होतंय तर हेड गास्केट गेलंय. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असणार हे धरूनच चाला. ब्रेकचे होस आणि व्हील सिलिंडर न बघता रस्त्यावर काढू नका. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही छान असली तरी एवढा जुना टायर घाटात नको.

आत सामान करताना दोन गोष्टींवर मी अडून बसेन. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फ्लोअरवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून बाहेर जाणारं भोक पाहिजेच, वरची खिडकी कामाची नाही. दुसरी, एक्स्ट्रा बॅटरीच्या प्लसच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज. वजनाचंही बघा, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात जाड प्लायवूड घरच्या कपाटासारखं ठोकत गेलात तर ऑम्नी चढावर रडते. आणि सीट काढून बेड टाकायच्या आधी आरटीओत बोला, आरसीत लिहिलेल्यापेक्षा गाडी वेगळी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, इन्शुरन्सवालाही क्लेमला तेच काढतो. मोटर कॅराव्हॅन म्हणून वेगळे नियम आहेत, एआयएस १२४ नावानं, ते कामाला लागण्याआधी समजून घ्या.

पहिली ट्रिप गोव्याची ठरवू नका. बेळगाव ते जांबोटी जाऊन या, चढावर टेंपरेचरचा काटा बघत. वर गेला तर बाजूला घ्या, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, थंड झाल्यावर पाणी, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट या क्रमानं बघा. घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरतोय किंवा बेरिंग गेलंय, ते उघडल्याशिवाय दुसऱ्या ट्रिपची तारीख काढू नका.