कुकारा पोहोचत नाही तिथे: सत्तरीच्या रानात वॉकीटॉकी कशी वापरावी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरातले म्हातारे पारधीच्या, म्हणजे शिकारीच्या, गोष्टी सांगायचे. एक टोळी हाकारे घालत रान उठवायची, दुसरी जनावराच्या वाटेवर दबा धरून बसायची आणि मधला सगळा निरोप कुकाऱ्यावर, म्हणजे रानात घातलेल्या हाकेवर, चालायचा. कोण कुठे आहे, कोण मागे राहिलाय, हे नुसत्या आवाजावरून कळायचं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पारध गेली ते योग्यच झालं. रानात जाणं मात्र थांबलेलं नाही. कुणी पदभ्रमणाला जातो, कुणी पक्षी बघायला, कुणी काजूच्या बागेत गव्यांवर राखण करायला. अंजुण्याच्या धरणावरून वर चढायला लागलं की मोबाइलच्या दांड्या एकेक करून उतरतात, आणि आषाढाच्या पावसात कुकारा पन्नास पावलांवर विरतो. त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही वॉकीटॉकी वापरतो. तिच्याकडून काय काम घ्यायचं आणि काय अपेक्षा ठेवायची नाही, हे अनुभवाने शिकलो. तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी कायदा, मग खरेदी

आपल्याकडे कुठलाही वायरलेस सेट कुणीही वापरावा असं नाही. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. सर्वसामान्य माणसाने हेच घ्यावेत. सेटला केंद्राच्या दूरसंचार खात्याची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मान्यता आहे ना, हे विकत घेताना विचारा आणि बिलासोबत त्याचा कागद ठेवा. बाजारात स्वस्त, पाच वॅटचे, वाटेल ती वारंवारता पकडणारे सेट मिळायचे. अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक नियमही आणले. तसला सेट परवान्याशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे. पोलीस, जहाजं, विमानं यांची बोलणी ज्या पट्ट्यांत चालतात तिथे चुकून बटण दाबलं गेलं तर ती चेष्टा राहत नाही.

गोव्यात आणखी एक प्रकार नेहमी होतो. परदेशातले नातेवाईक सुट्टीत येताना सेटची जोडी भेट म्हणून आणतात. युरोपातून आलेली असेल तर तिथला विनापरवाना पट्टा आपल्याशी जुळतो, फक्त मान्यतेचा प्रश्न तेवढा उरतो. अमेरिकेतून आली असेल तर ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते, आणि तो पट्टा इथे मोकळा नाही. प्रेमाने दिलेली असली तरी कपाटातच ठेवा. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणं तर सरकारी परवानगीशिवाय आणूच नयेत.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा मोले, कुठल्याही अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. हातात रेडिओ आहे म्हणून बंद केलेल्या धबधब्यावर जाता येत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर माणसं बुडाली आणि त्यानंतर अभयारण्यातल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी आली, हे लक्षात असू द्या.

सेट निवडताना

पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. आयपी६७ लिहिलेला सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आपल्या पावसाला त्याहून कमी पुरत नाही. बॅटरी काढून बदलता यावी. बटणं कुलूपबंद करायची सोय हवी, ती का ते पुढे सांगतो. कानात घालायचं इअरफोन हवंच, कारण धबधब्याजवळ स्पीकरचा आवाज ऐकूच येत नाही, आणि शांत रानात तोच स्पीकर कर्कश वाटतो. वळणावर गवा उभा असताना कमरेवरचा सेट अचानक खरखरला तर काय होईल याचा विचार करा.

‘१० किलोमीटर पल्ला’ हे खोक्यावरचं वाक्य वाचून सोडून द्या.

पल्ला खरा किती

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. एका लहरीची लांबी जेमतेम सदुसष्ट सेंटिमीटर. डोंगर आडवा आला की त्या तिथेच अडतात, आणि ओल्या पानांचं दाट रान त्यांना शोषून घेतं. आमचा अनुभव असा की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, घळीत, भर पावसात, अर्ध्या किलोमीटरवरही आवाज तुटतो. तेच दोन माणसं वाघेरीसारख्या दोन उघड्या माथ्यांवर उभी असली, मधे काही आडवं नसलं, तर त्याच सेटवर तीन-चार किलोमीटरवरचं बोलणं शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं.

त्यामुळे आवाज पोहोचला नाही की ओरडू नका. ओरडल्याने लहर लांब जात नाही, शब्द मात्र फाटतात. सेट कमरेवरून काढा, कारण तुमचं अंगच त्याची वाट अडवतं. तोंडाच्या उंचीवर, अँटेना उभी ठेवून धरा. तरीही जमलं नाही तर दोन पावलं बाजूला सरका. खडकांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात तेव्हा एका जागी अगदी मुकं असतं, आणि हातभर पलीकडे स्वच्छ बोलणं येतं. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मला खरं वाटेना. शेवटचा उपाय म्हणजे चढ गाठणं. घळीतून बोलणं आणि डोंगराच्या धारेवरून बोलणं यात फार मोठा फरक पडतो.

निघण्याआधी अंगणात

आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. सकाळी, गाडीत बसण्याआधी, सगळ्या सेटवर एकच चॅनल लावा आणि एकच टोन. एक पर्यायी चॅनलही ठरवा. पहिल्यावर दुसऱ्या कुणाचं बोलणं मधे येत असेल तर कुठे जायचं, हे आधीच माहीत हवं. चॅनल आणि टोन चिकटपट्टीवर लिहून सेटच्या पाठीला लावा.

या टोनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. खोक्यावर त्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात आणि लोक समजतात की आपलं बोलणं गुप्त झालं. तसं काही होत नाही. टोन लावला की तुमचा सेट ज्या बोलण्यासोबत तोच टोन येत नाही ते तुम्हाला ऐकवत नाही, इतकंच. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनलवरच्या कुणालाही ऐकू जाऊ शकतं.

एकदा श्रावणात आम्ही सातजण होतो. टोन शून्यावर, म्हणजे बंद, ठेवला होता. उतरताना शेवटच्या गड्याच्या सेटचं बटण पिशवीच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं आणि त्याच्याकडे टोन चढला. मग सुरू झालं, ‘आघाडी, ऐकू येतंय का? आघाडी?’ आम्हाला त्याचा प्रत्येक शब्द, त्याचा धापा टाकणारा श्वास, मागचं पाणी, सगळं ऐकू येत होतं. आम्ही उत्तरं देत होतो, पण त्याचा सेट आमचं टोन नसलेलं उत्तर त्याला ऐकवतच नव्हता. त्याचा आवाज हळूहळू घाबरत गेला. सात-आठ मिनिटांनी आम्ही परत फिरून त्याला गाठलं तेव्हा तो वाट सोडून व्हाळाच्या दिशेने वळला होता. त्या दिवसापासून नियम केला. अंगणात चाचणी झाली की बटणं कुलूपबंद. आणि उत्तर येत नसेल तर पहिल्यांदा पाठीवरची पट्टी वाचून आपला सेट तपासायचा, मगच बाकीचं.

चाचणी म्हणजे खांद्याला खांदा लावून ‘हॅलो हॅलो’ करणं नव्हे. एकाने रस्त्याने वळणापलीकडे चालत जावं आणि तिथून बोलावं.

कोणी कुठे चालायचं

तीन सेट असतील तर एक पुढच्याकडे, एक मागच्याकडे आणि एक मधे. दोनच असतील तर पुढे आणि मागे. मागचा सेट सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे द्या. सर्वांत तगडा गडी पुढे पळतो आणि दमलेला मागे एकटा पडतो, ही आपल्याकडची नेहमीची चूक. रेडिओ बरोबर आहे म्हणून अंतर वाढवू नका. उलट, मागच्याचं उत्तर आलं नाही की पुढच्याने उभं राहायचं, हे पक्कं ठरलेलं असावं.

वेळाही ठरवा. दर अर्ध्या तासाला, घड्याळात तीस आणि शून्य वाजता, प्रत्येकाने हजेरी द्यायची. एक हजेरी चुकली तर सगळे जागीच थांबतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा हाक देतात. दुसरीही चुकली तर दोघांनी मिळून शेवटच्या माहीत जागेकडे परत जायचं. एकट्याने कुणीही जायचं नाही. सतत गप्पा मारल्या तर बॅटरी दुपारीच उतरते, कारण ऐकण्यापेक्षा बोलण्याला कितीतरी जास्त वीज लागते.

बोलायचं कसं

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव दोनदा, मग आपलं. ‘शेपूट, शेपूट, आघाडी बोलतोय. ओव्हर.’ शेपूट म्हणजे मागचा, आघाडी म्हणजे पुढचा, आणि ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. बटण दाबल्यावर मनात एक अंक मोजा, मग बोला. लगेच बोललात तर पहिलं अक्षर कापलं जातं. बोलून झाल्यावरही तितकंच थांबून बटण सोडा.

हे शेवटचं थांबणं मराठीत फार महत्त्वाचं आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पाण्यात उतरू नका’ म्हणताना अंगठा जरा आधी सुटला तर पलीकडे पोहोचतं, ‘पाण्यात उतरू’. म्हणून धोक्याच्या वेळी नकारार्थी वाक्य बोलूच नये. ‘थांबा. थांबा. व्हाळ चढलाय.’ एवढंच. समोरच्याने ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, ‘थांबलो. व्हाळ चढलाय, कळलं.’ आपण जे सांगितलं तेच कानावर परत आलं, की निरोप पोहोचला असं धरायचं.

आकडेही तसेच. दीड आणि अडीच खरखरीत अगदी सारखे ऐकू येतात. ‘एक तीस’, ‘दोन तीस’ म्हणा. ‘सव्वा’ आणि ‘पावणे’ घरी ठेवून या. डावं-उजवं सांगताना ‘वर चढताना डावीकडे’ असं दिशेसह सांगा, नाहीतर वरून उतरणारा नेमका उलटा जातो.

एक गोष्ट मात्र रेडिओवर कधीच बोलू नका. जनावर कुठे दिसलं, वाघाचं पाऊल कुठे उमटलंय, हे उघड्या चॅनलवर सांगायचं नाही. २०२० च्या जानेवारीत आपल्याच गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. कोण ऐकतंय हे आपल्याला कळत नाही. पाऊल दिसलं तर वनखात्याच्या माणसाला जाऊन समक्ष सांगा.

अडचण आली तर

सत्तरीत पाणी किती भराभर चढतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये पालीच्या धबधब्यावर गेलेले कितीतरी लोक पाणी वाढल्याने पलीकडेच अडकले, त्यांना दोर लावून बाहेर काढावं लागलं. ऊन पडलेलं असतं आणि पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळत असतो. म्हणून व्हाळ ओलांडताना एक सेट अलीकडे थांबवा, शक्य झालं तर थोडा वरच्या अंगाला. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की त्याने लगेच सांगायचं.

कुणी जखमी झाला तर हा सेट ११२ या आपत्कालीन क्रमांकाला लागत नाही, हे ध्यानात ठेवा. त्यावरून फक्त आपल्याच माणसांशी बोलता येतं. म्हणून एक माणूस, सेटसकट, जिथे मोबाइल लागतो तिथे उंचावर जातो आणि जखमी माणसाजवळचा त्याला माहिती पुरवतो. ओळ अशी ठरवा: कोण, कुठे, काय झालंय, शुद्धीवर आहे का, काय हवंय. वरचा माणूस तीच ओळ ११२ ला वाचून दाखवतो. मधे टेकडी येत असेल तर तिसरा सेट धारेवर उभा राहून निरोप पुढे सरकवतो. तो स्वतःच्या मनाचं काही घालत नाही, ऐकलं तसंच म्हणतो.

आणि अशा वेळी बाकीच्यांनी गप्प बसायचं. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचं बोलणं बुडतं. कधी कधी कुणाच्या पिशवीखाली बटण नुसतं दबून राहतं आणि सगळ्यांचा चॅनल बंद पडतो. मग दुसऱ्या ठरलेल्या चॅनलवर जायचं. बटण दबलेल्याला काही ऐकू येत नसतं, तेव्हा त्याला शोधून खांद्यावर हात ठेवूनच सांगावं लागतं.

घरी आल्यावर

सेट ओला असताना चार्जरवर ठेवू नका. बॅटरी काढा, दोन्हीकडचे पितळी टोक कोरड्या सुती कपड्याने पुसा, अँटेनाच्या बुडाशी साचलेलं पाणी झटका आणि रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा. आपल्या हवेत त्या टोकांवर हिरवट थर चढायला आठवडाही लागत नाही. तो दिसला तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासून काढा. मोसम संपून सेट कपाटात जाणार असेल तर बॅटरी अर्धी भरून, सेटपासून वेगळी ठेवा, आणि पाठीवरची जुनी चिकटपट्टी काढून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी जुनाच चॅनल वाचून निघणार नाही.