रोड बाइकसाठी हलकी आणि परवडणारी सॅडल घेताना या चुका टाळा

सॅडल, म्हणजे सायकलची बसायची सीट, बदलायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी वजनाच्या आकड्यावर जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. स्टीलच्या रेल्स (सॅडलच्या पोटाखालच्या दोन दांड्या) असलेली साधी सॅडल साधारण 250 ते 320 ग्रॅमची असते, तर टायटॅनियमच्या रेल्स असलेली 200 ते 240 ग्रॅमपर्यंत उतरते. दोन्हींमधला फरक साठ-सत्तर ग्रॅमचा, म्हणजे बाटलीतल्या दोन-तीन घोट पाण्याइतका. आंतरराष्ट्रीय शर्यतींतसुद्धा सायकलचे वजन 6.8 किलोच्या खाली नेता येत नाही. तेव्हा हलकेपणाचा विचार जरूर करावा, पण तो सगळ्यात शेवटी. अंगाला न मानवणारी 150 ग्रॅमची सॅडल तासाभरात पुन्हापुन्हा उठायला लावते, आणि मग वाचवलेल्या ग्रॅमांचा काहीच उपयोग होत नाही.

आधी पाहायची ती रुंदी. बसल्यावर शरीराचा भार कंबरेच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. सॅडल अरुंद असेल तर ती हाडे कडेवरून घसरतात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर, तिथल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. या हाडांमधले अंतर घरीच मोजता येते. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, पातळ कपड्यांनिशी त्यावर बसावे, टाचा थोड्या उचलून सायकलवर वाकतो तसे पुढे वाकावे आणि अर्ध्या मिनिटाने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. नीट दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासावे, म्हणजे खोलगट जागा कोऱ्या राहतात. दोन्ही खळग्यांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्यात 20 ते 30 मिलिमीटर मिळवले की सॅडलच्या रुंदीचा अंदाज येतो. फार खाली वाकून चालवणाऱ्यांना थोडी कमी रुंदी पुरते, ताठ बसणाऱ्यांना थोडी जास्त लागते. वेष्टनावर ‘पुरुषांसाठी’ किंवा ‘महिलांसाठी’ असे काय लिहिले आहे, यापेक्षा हा आकडा कितीतरी अधिक विश्वासाचा.

पॅडिंगच्या बाबतीत तर आपल्या भाषेने आधीच निकाल देऊन ठेवला आहे: निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो. दुकानात अंगठा दाबून मऊ लागलेली जेलची सॅडल दहा मिनिटे सुखाची वाटते. पुढे मात्र हाडे त्यात रुततात, बाजूचे जेल मधोमध वर येते आणि नको तिथेच दाबते. शिवाय त्या भरावाचे वजन वेगळेच. बेताचे, घट्ट पॅडिंग आणि पॅड असलेली चांगली सायकलिंग शॉर्ट्स ही जोडी लांब पल्ल्याला अधिक मानवते.

परवडणारी आणि तरीही हलकी सॅडल मिळवण्याचा खात्रीचा मार्ग रेल्समधून जातो. अनेक कंपन्या एकाच आकाराची सॅडल स्टील, टायटॅनियम आणि कार्बन अशा वेगवेगळ्या रेल्ससह विकतात, आणि किमतीतला मोठा फरक त्या रेल्समुळे पडतो. म्हणून आधी स्टीलच्या रेल्सची सॅडल चालवून आकार मानवतो का ते पाहावे आणि पटला तरच टायटॅनियमकडे वळावे. कार्बनकडे वळण्यापूर्वी सीटपोस्टचा, म्हणजे सॅडल ज्या नळीवर बसते तिचा, रेल्स पकडणारा क्लॅम्प तपासणे अत्यावश्यक आहे. धातूच्या रेल्स सहसा गोल, 7 मिलिमीटर जाडीच्या असतात. कार्बनच्या बहुधा लंबगोल, 7 बाय 9 मिलिमीटरच्या. बाजूने आवळणारा, गोल रेल्ससाठी बनवलेला क्लॅम्प त्यांवर बसवला तर दाब एका रेषेत एकवटतो आणि कार्बनला तडा जाऊ शकतो. जुनी कार्बन सॅडल स्वस्तात मिळत असेल, तर क्लॅम्प जिथे बसत होता तो भाग उजेडात, बोट फिरवून बारकाईने पाहिल्याशिवाय घेऊ नये. अतिहलक्या सॅडलवर चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, तीही वाचावी.

पुष्कळदा दोष सॅडलचा नसतोच, तो बसवण्याचा असतो. मी स्वतः आखूड नाकाची सॅडल घेतली तेव्हा तिचे टोक जुन्या सॅडलच्या टोकाच्या जागीच ठेवले. परिणामी बसण्याचा रुंद भाग जवळजवळ तीन सेंटिमीटर पुढे सरकला, हातांवर भार आला आणि आठवडाभर मी सॅडललाच दोष देत राहिलो. टोकाऐवजी दोन्ही सॅडलची रुंदी जिथे सारखी, समजा 75 मिलिमीटर, भरते ती जागा जुळवली असती तर हे टळले असते.

दुखणे कुठे आहे यावरून कारण बरेचदा सापडते. पुढच्या भागात बधिरता येत असेल तर नाक वर झुकलेले असते किंवा सॅडल अरुंद असते. हात आखडत असतील आणि शरीर सारखे पुढे घसरत असेल तर नाक फार खाली गेलेले असते. मांड्या आतून सोलवटत असतील, किंवा मागून पाहणाऱ्याला पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसत असेल, तर उंची जास्त आहे असे समजावे. सायकल सपाट जमिनीवर उभी करून सॅडलवर एक सरळ पट्टी आणि तिच्यावर फोनमधले लेव्हल मोजणारे ॲप ठेवावे, आणि कल एका वेळी एका अंशानेच बदलावा. उंची आणि कल एकाच दिवशी बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. उतरल्यानंतरही बधिरता तासन्‌तास जात नसेल, तर सॅडलचा नाद सोडून डॉक्टरांना दाखवावे.

नवी सॅडल करकरत असेल तर उभे राहून पेडल मारून पाहावे. आवाज थांबला तर तो सॅडलचा किंवा सीटपोस्टचा आहे. क्लॅम्प उघडून रेल्सवरची धूळ पुसावी, बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे आणि रेल्सवरच्या खुणांच्या आतच, क्लॅम्पवर न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेल्या जोराइतकेच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावे. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर खड्ड्यात सॅडलला मान टाकू देतो, नाहीतर रेल्स चेपून ठेवतो. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर तोच बोल्ट पुन्हा एकदा तपासावा.