या चुका टाळा : मृत्युपत्र अडतं ते साक्षीदारांपाशी

दुपारी आजोबांनी मृत्युपत्रावर सही केली. संध्याकाळी मुलगा तो कागद घेऊन शेजारच्या दोन घरी गेला आणि साक्षीदारांच्या सह्या घेऊन आला. कागद बघितला तर सगळं जागच्या जागी आहे, पण कायद्याच्या दृष्टीनं हे मृत्युपत्र झालेलंच नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही किंवा अंगठा केला, तो प्रत्येकानं बघितलेला हवा. नाहीतर 'ही सही माझीच' असं खुद्द त्याच्याकडून ऐकलेलं हवं. शिवाय साक्षीदारानं आपली सही मृत्युपत्र करणाऱ्यासमोरच करायची. दोघे एकाच वेळी हजर हवेत असं बंधन नाही. तरीही तिघांना एका टेबलाशी बसवाच, कारण पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला हे कोर्टात सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान आणि सहज सापडणारे निवडा. नोटरीचा शिक्का त्यांची जागा घेऊ शकत नाही.

ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती किंवा पारशी मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली मालमत्ता त्यांना मिळतच नाही. हिंदूंना हा नियम लागू नाही, पण संशयाला जागा कशाला ठेवायची?

संशय फार महाग पडतो. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1959 सालीच सांगितलं आहे की परिस्थिती संशयास्पद असेल, तर तो संशय मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानं दूर करायचा. मोठा वाटा मिळणाऱ्या मुलानंच मजकूर सांगितला, वकील गाठला, सह्या घेतल्या, तर प्रश्न उठणारच. आजारपणात मृत्युपत्र करत असाल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. एखाद्या मुलीला वगळत असाल तर कारण स्पष्ट लिहा.

नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्पपेपर लागत नाही. मी तरी नोंदणी करायलाच सांगेन. मात्र साक्षीदारांच्या सह्यांमधला दोष नोंदणीनं धुऊन निघत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला फक्त आपला हिस्साच देता येतो. गोव्यात वारस मुलं असतील, तर आपल्या वाट्यातला निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो.

नंतर पेनानं केलेली खाडाखोडही चालत नाही. प्रत्येक बदलापाशी पुन्हा सही आणि पुन्हा दोन साक्षीदार लागतात. त्यापेक्षा, करणारी व्यक्ती शुद्धीत आहे तोवर 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असं लिहून, तारीख घालून नवं मृत्युपत्र करा. साक्षीदारांना या वेळी घरी बोलवा.