नवा डेस्कटॉप संथ चालतो? उपाय करण्याआधी या चुका टाळा

साताऱ्यात कर सल्लागार असलेल्या माझ्या चुलतभावाने दिवाळीच्या मुहूर्तावर कार्यालयासाठी नवा डेस्कटॉप घेतला. बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) असा हा संच कार्यालयीन कामासाठी पुरेसा, किंबहुना गरजेपेक्षा थोडा अधिकच होता. तरीही बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत जवळजवळ तीन मिनिटे जात होती. आठवडाभर वाट पाहून त्याने मला बोलावले. मी विचारले, "दादा, तुझ्या जुन्या मशीनला किती वेळ लागायचा?" तो म्हणाला, "एवढाच. म्हणून तर चिडलोय." निम्मे निदान या उत्तरातच झाले होते, कारण नवा आणि जुना संगणक तंतोतंत सारख्याच वेळात सुरू होत असतील, तर त्या दोहोंत काहीतरी समान असलेच पाहिजे.

समान होती ती जुनी हार्ड डिस्क. कार्यालयाचा सगळा डेटा आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे राहावे म्हणून जोडणी करणाऱ्याने जुन्या कॅबिनेटमधली डिस्क काढून नव्यात बसवली होती आणि संगणक तिच्यावरच्याच विंडोजवरून सुरू होत होता. नवी एसएसडी 'ई' या अक्षराने बाजूला पडून होती आणि तिच्यात पुतणीच्या बारशाच्या फोटोंखेरीज काहीही नव्हते. नव्या डेस्कटॉपच्या संथपणाची जी प्रकरणे माझ्यासमोर येतात, त्यांतील बहुतेकांचा साचा असाच असतो: पैसे मोजून घेतलेला वेग पेटीच्या आत हजर असतो, फक्त तो वापरात नसतो. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी किंवा उतरवून घेण्याआधी, आपण जे घेतले आहे ते खरोखर चालू आहे का, हे तपासावे.

मोजमाप न करता औषधोपचार सुरू करणे ही पहिली चूक होय. संगणक संथ वाटला की रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे, रॅम 'वाढवणारे' आणि ड्रायव्हर (संगणकाचे भाग विंडोजकडून चालवून घेणारे प्रोग्राम) आपोआप अद्ययावत करणारे प्रोग्राम लोक उत्साहाने उतरवून घेतात. नव्या संगणकाची रजिस्ट्री मुळातच स्वच्छ असते, आणि मोकळी रॅम वाढवून दाखवणारा प्रोग्राम विंडोजने विचारपूर्वक जवळ ठेवलेली माहिती बाहेर फेकतो, जी पुढच्या क्षणी पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. एसएसडी डीफ्रॅग करण्याचा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र मांडण्याचा, सल्लाही असाच निरुपयोगी आहे. तिची आवश्यक ती देखभाल विंडोज ठरलेल्या वेळी स्वतःच करते.

या सगळ्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणता आकडा शंभराला टेकला आहे, ते संथपणा जाणवत असतानाच पाहावे. तो ओसरल्यावर पाहून उपयोग नाही. त्यानंतर परफॉर्मन्स या भागात जाऊन प्रत्येक डिस्कवर टिचकी मारावी. कोणती डिस्क एसएसडी आहे, कोणती हार्ड डिस्क आहे आणि 'सी' ड्राइव्ह नेमका कोणत्या डिस्कवर आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. दादाच्या पडद्यावर हार्ड डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसत होती आणि त्याच वेळी तिचा प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम दोन एमबी होता. डिस्क पूर्ण व्यग्र आणि काम मात्र नगण्य, ही फिरत्या डिस्कवर चालणाऱ्या विंडोजची अगदी ठरलेली खूण आहे.

असे का होते, हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी असलेली जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक, थांबावे लागते. त्यापूर्वी हेड योग्य पट्ट्यावर सरकण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना मात्र विखुरलेल्या हजारो छोट्या तुकड्यांची मागणी होते आणि साधी एसएसडीसुद्धा असे तुकडे सेकंदाला हजारोंच्या संख्येने सहज पुरवते. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तो या रांगेत ताटकळतच राहतो. 'सी' ड्राइव्ह हार्ड डिस्कवर असेल, तर इतर सर्व उपाय बाजूला ठेवून प्रथम हेच दुरुस्त करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती करताना आणखी एक चूक हमखास होते. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच राहिली, तर विंडोज सुरू करून देणारी बूट फाइल पुष्कळदा त्या जुन्या डिस्कवरच्या विभागात जाऊन बसते. पुढे कधीतरी ती डिस्क काढली की नवे विंडोज सुरूच होत नाही आणि मग सगळ्यांचा गोंधळ उडतो. म्हणून आधी डेटाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून घ्यावी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना नव्या ठिकाणी कसा चालू करायचा हे विक्रेत्याला विचारून ठेवावे, संगणक बंद करून जुन्या डिस्कची साटा केबल काढावी आणि त्यानंतरच विंडोज टाकावे. काम झाल्यावर केबल पुन्हा जोडून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बूटच्या क्रमात एसएसडीवरील विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आहे ना, याची खात्री करावी. दादाच्या कार्यालयात या सगळ्याला एक संपूर्ण दुपार लागली. त्यानंतर बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत यायला मशीन वीस सेकंदही घेत नव्हते.

'सी' ड्राइव्ह एसएसडीवरच आहे आणि तरीही पहिल्या संध्याकाळी सगळे जड वाटते, असेही होते. तिथे मात्र काहीही न करणे हाच उपाय आहे. नवा संगणक इंटरनेटला जोडला की विंडोजची अद्यतने उतरू लागतात, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर सगळ्या फाइली एकदा तपासून काढतो, शोधासाठीची अनुक्रमणिका तयार होऊ लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला असेल तर वनड्राइव्हही फाइलींची ने-आण सुरू करतो. ही कामे एकाच वेळी चालू असताना मशीन संथ आहे असा निकाल देणे आणि वैतागून बटण दाबून ते बंद करणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. अद्यतन अर्धवट असताना वीज तोडली तर नवीनच दुखणे मागे लागते. झोपेची सेटिंग बंद करून एक रात्र संगणक चालू ठेवावा, सकाळी तो रीतसर पुन्हा सुरू करावा आणि मगच मत बनवावे.

यानंतर रॅमकडे वळावे. किती जीबी आहे हे सगळे पाहतात, पण ती कशी बसवली आहे आणि कोणत्या वेगाने चालते आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेऊ शकते. तशाच दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर (माहितीच्या मार्गांवर) बसवल्या तर हीच मर्यादा ५१.२ जीबी होते. दोन पट्ट्या घेऊनही त्या शेजारीशेजारी बसवल्या, तर चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर (सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि दुसरा मार्ग रिकामाच राहतो. अशा बोर्डांवर साधारणपणे प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. नक्की क्रम बोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि ती पुस्तिका दुकानदाराकडून मागून घ्यावी, कारण पुष्कळदा ती खोक्यासकट दुकानातच राहते.

वेगाची गोष्ट याहून फसवी आहे. खोक्यावर ३२०० छापलेल्या कित्येक पट्ट्या पहिल्यांदा सुरू होताना २१३३ किंवा २४०० वर चालतात. डीडीआर५ मध्ये ६००० ची पट्टी ४८०० वर चालताना दिसते. हा दोष नव्हे. छापलेला वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, किंवा एएमडीच्या नव्या बोर्डांवर एक्स्पो, ही सोय एकदा चालू करावी लागते. टास्क मॅनेजरच्या मेमरी या भागात चालू वेग आणि वापरात असलेल्या खाचांची संख्या दोन्ही दिसतात, त्यामुळे पेटी उघडण्याचीही गरज पडत नाही. २१३३ वर चालणारी एकटी पट्टी आणि ३२०० वर चालणारी जोडी यांच्या वहनक्षमतेत तिपटीचा फरक आहे. अर्थात हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम करणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून चालते, आणि तिथे खेळ किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याला तो लगेच कळतो.

उष्णतेबाबतची चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे ती जरा सविस्तर सांगतो. प्रोसेसरवर बसणाऱ्या काही कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि तो काढूनच कूलर बसवायचा असतो. घाईत मी तो तसाच ठेवला. संगणक सुरू झाला, विंडोजही उतरले, पण कोणतेही जड काम दिले की मिनिटभरात त्याची गती कोसळायची आणि काम थांबवले की पूर्ववत व्हायची. प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेपर्यंत पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. कूलर काढला तेव्हा उष्णता कूलरकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा ठिपका पापुद्र्यावर छान पसरलेला होता. धातूपर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

इंटेलच्या खोक्यातून येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत ढकलून बसवायच्या पिना असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने, टक असा आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात. त्यांपैकी एक जरी अर्धवट राहिली तर कूलर किंचित कलतो आणि परिणाम तोच होतो. वाहतुकीत हादरे बसूनही पीन सुटू शकते. प्रोसेसरचे तापमान टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम वापरावा. काहीही काम चालू नसताना आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात असेल, तर कूलर नीट बसलेला नाही असे समजायला हरकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीचे तापमानच जेव्हा चाळिशीला पोहोचते, तेव्हा हे सगळे आकडे त्या प्रमाणात वर सरकतात. अशा दिवसांत संगणकाच्या टेबलातल्या बंद कप्प्यात कॅबिनेट ढकलून दार लावून घेण्याची आपल्याकडची पद्धत फार महागात पडते.

काही चुका एका वाक्यात संपतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खाचेत न लावता कार्डाच्याच खाचेत लावावी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असला तरी विंडोज पुष्कळदा ६० वरच राहते, म्हणून डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः बदलावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे नाव दिसले, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विकतचे दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नयेत. आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांपैकी नको असलेले बंद करावेत. आणि संकेतस्थळेच तेवढी हळू उघडत असतील, तर दोष संगणकाचा नसून जोडणीचा आहे. टेबलाखालच्या लोखंडी कॅबिनेटच्या मागे खोचलेला चिमुकला वायफाय डोंगल हे त्याचे नेहमीचे कारण असते.

शेवटची चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते. 'नवा आय-सेव्हन' म्हणून स्वस्तात मिळालेल्या कित्येक संगणकांत नवी असते ती फक्त पेटी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे. आय-सेव्हन ३७७० दिसला, तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ साली बाजारात आलेला प्रोसेसर आहे आणि बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री १२१०० त्याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृतपणे चालतात, त्यामुळे अशा यंत्रावर ते आडवाटेने बसवलेले असण्याची शक्यता दाट असते. त्याबरोबर फुकट चालू करून दिलेले विंडोज असेल, तर सक्रिय करणाऱ्या त्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत आले आहे, हे सांगता येत नाही. काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर सतत साठ-सत्तर टक्क्यांवर दिसत असेल, तर अधिकृत विंडोज स्वच्छपणे टाकून घ्यावे.

यंत्र दुकानात परत न्यायची वेळ आलीच, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचे गाव, 'फार स्लो चालतो' या तक्रारीवर 'अपडेट झाले की ठीक होईल' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर या तिन्ही भागांची पडद्यावरची छायाचित्रे सोबत न्यावीत आणि ती बिलाशी ताडून दाखवावीत. त्यासाठी बिलावर नुसते '१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी' असून भागत नाही. प्रत्येक भागाचा उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे बिल पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावे.