कोल्हापुरात हॅम रेडिओ सुरू करताय? सेटवर कमी, केबलवर जास्त खर्च करा

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि छंद म्हणून स्वतःच्या वायरलेस सेटवरून लोकांशी बोलायचं. त्याचं नाव काढलं की नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला सेट घेऊ?" लगेच मॉडेलची नावं सुरू होतात. कुणाचा आठ वॅटचा, कुणाचा दहा वॅटचा. ज्यानं गच्चीवर अँटेना लावून आपल्याकडचा एक पावसाळा काढलाय, तो सेटचं नावच काढत नाही. तो विचारतो, केबल कुठली आणि जोड कसा बांधलाय? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. बाकीचं सोपं आहे, ते झटपट उरकू.

आधी ठरवा, हॅमच हवंय का

ट्रेकला पुढच्या-मागच्या गटाशी बोलायचंय किंवा घरातून मळ्यात निरोप द्यायचाय, एवढंच काम असेल तर परीक्षेच्या भानगडीत पडू नका. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी भारतात विनापरवाना वापरता येतात. मात्र सेट खरंच त्या पट्ट्यातला आणि मान्यताप्राप्त आहे का, हे बघून घ्या. ऑनलाइन दिसेल तो स्वस्त वॉकीटॉकी कायदेशीर असतो असं मुळीच नाही. म्हणून तर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा विक्रीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली.

अनोळखी माणसांशी, लांबवर, स्वतः बांधलेल्या अँटेनावरून बोलायचं असेल तर पुढे वाचा.

परवाना

वय किमान १२ वर्षं हवं. दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर अर्ज करायचा आणि परीक्षा द्यायची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं. सुरुवात रिस्ट्रिक्टेडनं करा. मोर्स शिकूनच परीक्षेला बसतो म्हणणारे बरेच जण अजून बसलेले नाहीत. अभ्यास दोन गोष्टींचा असतो, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर अवघड काही नाही.

परवाना हातात येईपर्यंत सेट विकत घेऊ नका. असा सेट विनापरवाना बाळगणंही नियमात बसत नाही, आणि चांगला विक्रेता परवान्याची प्रत मागतोच. तोवर कानाला सवय लावा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ) उघडला की ब्राउझरमध्ये जगभरचे हॅम ऐकू येतात.

सेट

दोन मीटर बँडचा, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, पाच वॅटचा साधा हँडसेट पुरे. पुढं चला.

अँटेना

सेटसोबत येणारी रबरी अँटेना खिशात ठेवायला बरी. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून ती घेऊन बोलाल तर समोरच्या इमारतीपलीकडं फार काही जायचं नाही. गच्चीवर जा.

पहिली अँटेना विकत घेऊ नका, बनवा. एक एसओ-२३९ सॉकेट (अँटेनाची केबल जोडायचं सॉकेट) घ्या. उद्यमनगरात पितळी ब्रेझिंग रॉड सहज मिळतात, तसे पाच रॉड आणा. एक सॉकेटच्या मधल्या पिनेला सरळ उभा डाखवायचा, लांबी ४९ सेंटीमीटर. उरलेले चार ५१ ते ५२ सेंटीमीटरचे, सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांना बोल्टनं कसायचे आणि ४५ अंशांत खाली वाकवायचे. वाकवायचे कारण आडव्या रॉडवर अँटेनाचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) ३६ ओहमच्या आसपास असतो, वाकवल्यावर तो ५० च्या जवळ येतो, आणि सेट व केबल ५० ओहमच्या असतात. उभा रॉड आधी सेंटीमीटरभर लांब ठेवा आणि मोजत मोजत कापा. कापलेला परत जोडता येत नाही.

एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते सांगणारा मीटरवरचा आकडा, दीडच्या खाली आला की कापणं थांबवा. दीडला फक्त ४ टक्के ताकद परत फिरते. १.१ साठी दिवसभर गच्चीवर उन्हात बसणाऱ्यांना काय म्हणावं!

खांब उभा करताना महावितरणच्या तारांपासून खांबाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा. यात तडजोड नाही.

केबल आणि पाणी

मी सगळ्यात जास्त इथंच झगडलोय, आणि मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे घातक होते.

आधी केबलचा हिशेब. बारीक आरजी-५८ केबल स्वस्त असते, हाताळायला सोपी असते. पण १४५ मेगाहर्ट्झला तिच्या २० मीटरमध्ये साधारण ४ डेसिबल जातात. म्हणजे सेटमधून निघालेल्या पाच वॅटपैकी अँटेनापर्यंत दोनच पोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच लांबीत दोन डेसिबलच्या आत काम भागतं. आणि केबल ऐकतानाही तेवढंच खाते, ते कितीही वॅटचा सेट आणून भरून निघत नाही.

आता पाणी. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस वरून पडतो, आडवा येतो आणि वाऱ्याबरोबर खालूनही उडतो. कनेक्टरमध्ये एकदा शिरलेलं पाणी तिथंच थांबत नाही, केबलच्या वेणीतून (आतल्या विणलेल्या तारांच्या जाळीतून) शोषत शोषत आत जातं. अशी केबल कापून बघा. तांबूस चकचकीत दिसायला हवी ती वेणी काळपट, कुठं कुठं हिरवट झालेली असते. कनेक्टरपासून हातभर आत कापलं तरी तोच रंग.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढं आहे. केबल भिजली की खोलीतल्या मीटरवर एसडब्ल्यूआर बिघडत नाही, उलट सुधारतो! अँटेनाकडून परत फिरणारी ताकद भिजलेली केबल वाटेतच गिळते, मीटरपर्यंत काही येतच नाही. मीटर १.२ दाखवतो, तुम्ही खूश होता, आणि इचलकरंजीचा माणूस म्हणतो, "आवाज येईना झालाय." म्हणून "एसडब्ल्यूआर छान आहे, म्हणजे सगळं ठीक आहे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

खरी तपासणी अशी करा. नॅनोव्हीएनए नावाचं अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र घ्या, नाहीतर ओळखीच्या हॅमकडून मागून आणा. कॅलिब्रेट करा. गच्चीवर जाऊन केबल अँटेनापासून सोडवा, टोक उघडं ठेवा. खाली १४५ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डेसिबलनं कमी झाला तो आकडा) बघा आणि त्याचा निम्मा करा. तो केबलचा लॉस. यंत्रानं ८ दाखवलं तर केबल ४ डेसिबल खातेय. नव्या केबलचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि गणपती झाले की पुन्हा मोजा. आकडा एखाद्या डेसिबलनं वाढला असेल तर केबल भिजलीय. ती वाळत नाही. उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर लावू नका, फेकून द्या. आणि हे यंत्र जोडलेलं असताना सेटचं बटण चुकूनही दाबू नका, यंत्र जळतं.

भिजू नये म्हणून काय? सॉकेटच्या वरच्या बाजूला, जिथं उभा रॉड डाखवलाय, तिथं इपॉक्सी भरा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं, आणि सगळे लोक खालचाच जोड गुंडाळत बसतात. खालच्या जोडाला आधी सेल्फ ॲमलगमेटिंग रबर टेप ताणून गुंडाळायची, ताणल्याशिवाय ती एकजीव होत नाही. तिच्यावर चांगल्या प्रतीची काळी चिकटपट्टी, खालून वर, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी घसरतं. नुसती चिकटपट्टी मेमधल्या उन्हात सुटते. आंबट वासाचं सिलिकॉन तर लावूच नका, त्यातल्या आम्लानं तांबं खराब होतं. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे थेंब तिथून गळतो, घरात येत नाही.

वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. एप्रिल-मेमधल्या विजा गाफील सापडतात त्यांनाच महागात पडतात.

बोलायला सुरुवात

बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर कॉलसाइनचं (परवान्यावरच्या तुमच्या ओळखनावाचं) पहिलं अक्षर कापलं जातं. माइक तोंडापासून चार बोटं लांब. रिपीटरवरून, म्हणजे तुमचा आवाज पकडून पुढं पाठवणाऱ्या उंचावरच्या यंत्रावरून, बोलायचं असेल तर दोन मीटरवर बहुधा ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि योग्य टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा बारीक सूर) सेटमध्ये भरावा लागतो. टोन नसेल तर रिपीटर तुम्हाला ओळखही देणार नाही.

अंतराबद्दल भ्रमात राहू नका. दोन्हीकडची अँटेना जमिनीपासून १० मीटरवर असेल तर सपाटीला २५ किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. इचलकरंजी, जयसिंगपूरकडं जमीन मोकळी आहे, तिकडं जमतं. पश्चिमेला गगनबावड्यापाशी सह्याद्री आडवा, कोकणातला माणूस थेट मिळेल ही आशा सोडा. पन्हाळा आसपासच्या सपाटीपेक्षा ४०० मीटरनं उंच आहे, तिथून हिशेबानं ९० किलोमीटरच्या पुढं जाता येतं. पण परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, त्यामुळे फिरत्या सेटचे नियम वाचूनच गडावर जा, आणि रविवारी जाऊ नका. पार्किंग मिळेपर्यंत बॅटरी संपेल.