लंगडणारा शेरू आणि वाढलेली नखं

आमचा लॅब्रेडॉर शेरू झोपेतून उठला की पुढचा डावा पाय टेकवायचा नाही, चार पावलं टाकली की मोकळा व्हायचा. एक्स-रेत कोपराचा संधिवात निघाला. डॉक्टरांनी पंजाही उलटा करून दाखवला: नखं जमिनीला टेकून बोटं वर ढकलली जात होती, पंजाखालच्या मऊ गाद्यांमधल्या केसांमुळे टाइल्सवर पाय सटकत होता.

नखं दर आठवड्याला किंचित कापली, म्हणजे आतली रक्तवाहिनी हळूहळू मागे सरकते. केस छाटले, रबरी मॅट अंथरल्या. चेंडूमागची धावपळ बंद, मातीवर सावकाश फेऱ्या सुरू. सगळ्यात जास्त फरक मात्र वजन उतरल्याने पडला. वेदनाशामक डॉक्टर देतील तेच द्या. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी निकामी करते. थंडीत तो अजून आखडतो, तेव्हा जाड गादी देतो.