अनुदान घ्या, पण धंदा अनुदानाशिवाय उभा राहील असा आखा

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, म्हणजे पीएमईजीपीची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सबसिडी किती?’ उत्तर सोपं आहे. नव्या उत्पादन उद्योगाचा ५० लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगाचा २० लाखांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग यांना तेच २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा वाटा पहिल्या गटाला १० टक्के, दुसऱ्याला ५ टक्के. बाकीचे पैसे बँक देते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पीएमईजीपीच्या पोर्टलवर पुन्हा एकदा पाहून घ्या.

हे अनुदान हातात पडत नाही, आणि गफलत इथेच होते. ती रक्कम तुमच्याच बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी उद्योग खरंच चालू आहे का, याची जागेवर जाऊन तपासणी होते. मगच रक्कम कर्जात जमा होते. धंदा मध्येच बंद पडला तर अनुदान परत जातं. त्यामुळे पहिली तीन वर्षं तुम्हाला जगवणार ती विक्रीच.

म्हणून आधी कागद घेऊन हिशेब मांडा. समजा, एका महिलेला गावात मसाला कांडप सुरू करायचं आहे आणि प्रकल्प १० लाखांचा आहे: यंत्रं ७ लाख, खेळतं भांडवल ३ लाख. तिचा वाटा ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. त्यातले साडेतीन लाख अनुदानाचे, म्हणजे व्याज लागणार ते ६ लाखांवर. दरमहा हप्ता-व्याज १३ हजार धरा, जागेचं भाडं ६ हजार, मदतनीस १२ हजार, विजेचा स्थिर आकार आणि किरकोळ खर्च ४ हजार. झाले ३५ हजार. यात घरखर्चाचे १५ हजार मिळवा. अनेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही ओळच नसते. मग मालक दर महिन्याला गल्ल्यातून पैसे उचलतो आणि सहा महिन्यांत मिरची घ्यायला पैसे उरत नाहीत.

एकूण ५० हजार. किलोमागे मिरची, धणे, पॅकिंग आणि दळणाची वीज मिळून २७० रुपये लागत असतील आणि दुकानदार ३२० देत असेल, तर किलोला सुटतात ५० रुपये. म्हणजे महिन्याला १,००० किलो, पंचवीस दिवस काम धरलं तर रोज ४० किलो. आता प्रश्न बदलतो: रोजचे ४० किलो घेणार कोण? यंत्राचं कोटेशन आणायच्या आधी वीसेक दुकानं, खानावळी, बचतगट फिरा. आज कोणाचा मसाला घेतात, कोणत्या भावाने, किती दिवसांच्या उधारीवर, हे लिहून आणा. नमुना द्या आणि तो परत मागतात का ते बघा. उद्योजकाची वृत्ती म्हणतात ती हीच: अंदाज बांधायचा, तो स्वस्तात तपासायचा आणि चुकला तर यंत्र घ्यायच्या आधी बदलायचा.

उधारीचा आकडा याच हिशेबात धरा. १,००० किलो माल एक महिन्याच्या उधारीवर गेला, तर २ लाख ७० हजार रुपये बाजारात अडकले. ३ लाखांचं खेळतं भांडवल जवळपास संपलं, आणि हंगामात मिरची भरून ठेवायची आहेच. त्यामुळे यंत्र मोठं घेण्यापेक्षा लहान घ्या आणि खेळत्या भांडवलाला हात सैल ठेवा.

कॅश क्रेडिटचा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक लागेल तसं उचलू देते त्या कर्जाचा, एक नियम मात्र फार जणांना माहीत नसतो. तीन वर्षांच्या काळात मंजूर मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि एकूण वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान वसूल होतं. गरजेपेक्षा जास्त मर्यादा मागून ठेवणं म्हणूनच अंगाशी येतं.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. जिल्हा उद्योग केंद्र, खादी आयोग किंवा खादी मंडळ यांपैकी एका यंत्रणेमार्फत तो बँकेत जातो. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. चालू असलेला जुना धंदा यात बसत नाही आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. त्याने बनवलेल्या रिपोर्टमधला एकही आकडा तुम्हाला शाखेत समजावून सांगता येत नाही आणि तिथेच फाइल अडकते. वरचा कागद घेऊन गेलात तर बोलणं वेगळंच होतं.

बहुतेक प्रकल्पांना उद्योजकता प्रशिक्षण बंधनकारक आहे, पण ते नुसत्या प्रमाणपत्रासाठी करू नका. हिशेब ठेवणं जमत नसेल तर आधी आरसेटीत जा. बँका चालवत असलेल्या या संस्थांमध्ये प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं. गरज लहान असेल तर पीएमईजीपीच्या मागे लागायचंही कारण नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि चालू धंद्यालाही मिळतं.

पहिला माल पाठवायच्या आधी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. तीही मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि ऑनलाइन तक्रार करता येते. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारावर कोणी तक्रार करणार नाही, हे खरं. पण मोठ्या खरेदीदाराच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली, की त्याचा हिशेब विभाग ते बिल बाजूला सारत नाही.

आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत जा. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातातही फारसं काही उरत नाही. विक्रीची वही, येणे बाकीची यादी आणि पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी सोबत न्या, आणि हप्त्यांची फेररचना लेखी मागा.